मागच्या महिन्याचा भाव

दर महिन्याच्या पंधरा तारखेला हसनभाई मुकादम विचुंब्याहून शेअर रिक्षाने पनवेलच्या बाजारात येत आणि एकही जिन्नस विकत न घेता परत जात. तुकडा बासमती, तूरडाळ, कांदे, सुरमई, दुधाची पिशवी, एका शर्टाची इस्त्री, केस कापणं, अशा चोवीस गोष्टींचे भाव विचारायचे, चौकोनी रेघांच्या वहीत टिपायचे, की काम झालं. दुकान तेच, माप तेच, तारीखही तीच. बाजाराला आता हा माणूस पाठ झाला होता. करंज्याहून मासळी घेऊन येणारी रंभा त्यांना लांबून पाहिलं की शेजारणीला कोपर मारायची. एकदा तिने तोंडावरच विचारलं, "चाचा, घ्यायचा नाय तर भाव इचारता कशाला? आमी काय रेडिओ हाव?"

हसनभाई हसले आणि पुन्हा सुरमईचाच भाव विचारला. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. भाव विचारला की समोरचा माणूस उत्तर देतो. दुसरं काही विचारलं तर देईलच असं नाही. महिन्यातून एक सकाळ चोवीस माणसं आपल्याशी बोलतात, एवढ्यासाठी ते पासष्ट रुपये रिक्षाला घालत होते.

सवय मस्कतची. चौऱ्याऐंशी साली तिकडे गेले ते गोदामात हिशेबनीस म्हणून, आणि दहा-अकरा वर्षांनी त्यांना एका कचेरीत भाव गोळा करायचं काम मिळालं. आखातातल्या सहा देशांनी तेव्हा मनावर घेतलं होतं की आपण मिळून एकच चलन करायचं. ज्याचे त्याचे रियाल, दिनार, दिरहम बाजूला ठेवायचे आणि सहाही घरांत एकच नाणं चालवायचं. ऐकायला हे वेगळ्या झालेल्या भावांनी पुन्हा एक चूल मांडण्याइतकं सोपं वाटतं, आणि तितकंच ते जिवावर येतं. आधी पाहावं लागतं की सगळीकडे महागाई साधारण एकाच चालीने चढते का, कुणाचं सरकार ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतं, कुणाची गंगाजळी किती. महागाई पाहायची तर सहा ठिकाणी ती एकाच मापाने मोजायला हवी. एकाने किलोचा भाव घ्यायचा आणि दुसऱ्याने पोत्याचा, हे चालत नाही. म्हणून मग मंत्र्यांच्या बैठका, ठराव, समित्या, उपसमित्या. आणि या सगळ्या कागदांच्या पार तळाशी, भर उन्हात, हातात पॅड घेऊन मासळी बाजारात उभा राहिलेला पनवेलचा एक कोकणी माणूस.

त्या कामाचा एक अलिखित नियम होता. भाव घेणाऱ्याने दुकानदाराशी दोस्ती करायची नाही, कारण दोस्ताला दुकानदार दोस्तीचा भाव सांगतो आणि आकडा नासतो. हसनभाईंनी हा नियम इतका मनापासून पाळला की एकोणीस वर्षांत अर्धं मस्कत त्यांना ओळखत होतं आणि ते कुणाच्या घरी एकदाही जेवायला गेले नव्हते. माणूस शहाणा असला तरी कुठे थांबायचं हे त्याला कळतंच असं नाही.

चौदा साली ते कायमचे परत आले. विचुंब्याच्या नव्या इमारतींपैकी एकीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता, पेन्शन नव्हती पण पुंजी होती, आणि घरात बोलायला कुणी नव्हतं. बायको ताहिरा जाऊन तेव्हाच आठ वर्षं झाली होती. मुलगी यूम्ना लग्न होऊन कळंबोलीला राहत होती, म्हणजे रिक्षाने वीस मिनिटांवर. ती दोन्ही ईदना यायची, डब्यातून शीरखुर्मा आणायची, पाऊण तास बसायची, औषधं संपली का ते पाहायची आणि जायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हसनभाईंना मात्र वाटे की हिने एकदा तरी भांडावं.

त्यांना हवं होतं ते फार मोठं नव्हतं. ताहिराबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं. ती कशी चालायची, फोनवर आधी कसा श्वास घ्यायची, रागावली की कशी सगळी भांडी पुन्हा घासायला काढायची. हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच उरली होती, एक ते आणि एक यूम्ना. आणि यूम्ना त्यांच्यापुढे आईचा विषय कधी काढत नसे.

का काढत नसे हेही दोघांना ठाऊक होतं. २००६ च्या नोव्हेंबरात ताहिराला कावीळ झाली. पनवेलच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा यूम्ना पंधरा वर्षांची होती आणि आईजवळ तीच होती. मस्कतला फोन गेला. नेमकी त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला सहाही देशांची पहिली जोडमोजणी होती. सहा शहरांत एकाच दिवशी, एकाच यादीने भाव घ्यायचे होते. हसनभाईंनी कळवलं की सुटी मिळत नाही, सोळाला निघतो. सोळाला विमानात जागा नव्हती. सतरा तारखेला ताहिरा गेली, आणि ते पोचले तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. माती देणंही त्यांच्या नशिबी आलं नाही. त्याच डिसेंबरात ओमानने कळवून टाकलं की ठरल्या तारखेला समान चलनात आम्ही नाही. पुढे अमिरातही बाहेर पडली. चलन आजतागायत आलेलं नाही.

तेव्हापासून बाप-लेकीत या सगळ्याबद्दल एकच वाक्य होतं. सुटी मिळाली नाही.

यंदा मार्चमध्ये यूम्नाने फोनवर अगदी सहज सांगितलं की अब्बा, तुम्ही आता आमच्याकडेच राहायला या, मागची खोली रिकामी केली आहे. तिचा नवरा हमझा कळंबोलीत ट्रक-वाहतुकीच्या कचेरीत होता. त्याचंही हेच म्हणणं होतं म्हणे. हसनभाईंनी मुद्दाम दोन मिनिटं आढेवेढे घेतले आणि मग हो म्हणाले. फोन ठेवून ते बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. खोलीचं त्यांना काही नव्हतं. एका घरात राहिलो की आज ना उद्या ताहिराचं नाव निघेल, या आशेवर ते रडले होते. यूम्ना येत्या रविवारी सकाळी सामान बांधायला येणार होती.

त्याच आठवड्यात आणखी एक फोन आला. पूर्वी नावाची कुणी मुलगी होती, खारघरच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. आफ्रिकेतले काही देश समान चलनाचा विचार करत होते आणि त्यांची तयारी कितपत झाली आहे यावर तिची संस्था अहवाल लिहीत होती. आखाताचं कुठे बिनसलं ते तिला पाहायचं होतं. जुन्या प्रशिक्षणाच्या एका कागदावर तिला एच. मुकादम हे नाव दिसलं, मग तिने मस्कतमधल्या कुणाकुणाला मेल केले आणि शेवटी माणूस सापडला तो शेजारच्याच गावात. वह्या आहेत का, असं तिने भीतभीत विचारलं. हसनभाई म्हणाले, सगळ्या आहेत. कधी येऊ, असं तिने विचारलं. हसनभाईंनी क्षणभर विचार केला आणि तिला रविवारचीच वेळ दिली.

यात लबाडी होती आणि ती त्यांना चांगली समजत होती. शनिवार मोकळा होता, सोमवार मोकळा होता, मंगळवारपासून पुढचा सगळा जन्म मोकळा होता. पण यूम्नासमोर कुणीतरी शिकलेल्या माणसाने येऊन म्हणावं की तुमच्या वडिलांनी मोलाचं काम केलं, एवढं त्यांना हवं होतं. ज्या कामापायी आईच्या मय्यतीला बाप आला नाही, ते काम निदान फुकट नव्हतं, हे लेकीला परक्याच्या तोंडून कळावं. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाने इतकं पोरकट होऊ नये, पण झाले खरे.

रविवारी यूम्ना दहाला आली. पाहुणी येणार म्हटल्यावर तिने काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. साडेदहाला पूर्वी आली. तिशीच्या आतलीच होती, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, चप्पल दाराबाहेर काढून आत आली आणि काका म्हणून खुर्चीवर बसली. हसनभाईंनी टेबलावर वह्या मांडून ठेवल्याच होत्या, वर्षावार, पुठ्ठ्यावर शाईने साल लिहिलेल्या. पहिली वही उघडली तशी ती पोरगी हरखून गेली. म्हणाली, काका, हे रॉ फॉर्ममध्ये कुठेच नाही, छापलेल्या रिपोर्टात फक्त सरासऱ्या आहेत.

मग हसनभाई जे बोलत सुटले ते तासभर थांबले नाहीत. खजुराच्या सतरा जाती, त्यातली यादीत कुठली घ्यायची यावरून तीन देशांत वर्षभर चाललेला वाद. एका देशात गॅस सिलेंडरला सरकारची सूट, दुसऱ्यात नाही, मग भाव कुठला धरायचा. रमजानात कोंबडी महाग होते ती महागाई मानायची की सण मानायचा. पूर्वी भराभर लिहून घेत होती. यूम्ना एकदा पाण्याचे ग्लास घेऊन आली ती दारातच थोडी थांबली. अब्बा इतकं बोलतात हे तिला नवीन होतं. तिच्या ओठांवर किंचित हसू आलं, आणि ते हसनभाईंनी पाहिलं. त्या क्षणी त्यांना वाटलं, जमलं.

मग पूर्वीने वह्या चाळता चाळता विचारलं, "काका, हे काही आकड्यांभोवती गोल केलेत, ते कशाचे?"

हसनभाईंनी सांगितलं की ती पुढे ओढलेली किंमत. एखाद्या महिन्यात जिन्नस मिळाला नाही, दुकान बंद असलं, तर जागा रिकामी सोडायची नाही. मागच्या महिन्याचा भाव उतरवायचा आणि त्याला गोल करायचा, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं. पूर्वीने मान हलवली, चार वह्या मागे गेली, पुन्हा पुढे आली. हुशार होती.

"पण गंमत बघा ना काका. दोन हजार सहापर्यंत एकही गोल नाहीये. अकरा वर्षांत एकही नाही. आणि सातपासून दर महिन्याला आहेत, कधी कधी तर पूर्ण पानच."

हसनभाई म्हणाले की नंतर त्यांचं कामातलं लक्ष उडालं होतं. पूर्वीला ते पुरलं नाही. तिला नियम हवा होता, अहवालात लिहायला. "म्हणजे पूर्ण पान मागच्या महिन्याचं उतरवलं तरी चालायचं? भाव घेणारा स्वतःच हजर नसेल तर?"

स्वयंपाकघरात वर्तमानपत्राचा आवाज चालू होता. आपलं उत्तर तिथे यूम्नाच्या कानावर जाणार, हे हसनभाईंना समजलं. एक खोटं वाक्य पुरलं असतं. नाही, चालत नसे, असं म्हटलं की पूर्वीने तसं लिहून घेतलं असतं आणि संध्याकाळी ते कळंबोलीला असते. पण समोर त्यांचीच वही उघडी होती आणि विचारणारीने कामाचं विचारलं होतं. वहीबाबत ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. तेवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ शाबूत होती.

"चालत होतं," ते म्हणाले. "घेणारा आजारी असेल, त्याच्या घरात आजार असेल, मय्यत असेल, तर पूर्ण पान उतरवायचं. एक महिना. नियमातच होतं तसं."

"जोडमोजणीला पण?"

"तिलाही."

पूर्वीने ते लिहून घेतलं. वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता, पण तिला त्यात लक्ष देण्यासारखं काही वाटलं नाही. ती आणखी अर्धा तास बसली, मोबाईलवर पानांचे फोटो काढले, अहवालात काकांचं नाव आभारात घालीन म्हणाली. जाताना स्वयंपाकघरात डोकावून यूम्नाला म्हणाली की तुमचे वडील ग्रेट आहेत. यूम्ना तिला लिफ्टपर्यंत पोचवून आली, दार लावलं आणि पाहुणी बसली होती त्याच खुर्चीवर येऊन बसली.

"म्हणजे येता येत होतं," ती म्हणाली.

"हो."

मग का आला नाहीत, असं तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता. हसनभाईंनी सांगायचा प्रयत्न केला. अकरा वर्षं एकही गोल नव्हता. साहेबांनी साऱ्या कचेरीसमोर त्यांची वही दाखवली होती, बाकीच्या पाच देशांच्या माणसांना त्यांनी शिकवलं होतं. पाच शहरांतले भाव ताजे आणि मस्कतचे तेवढे शिळे, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. कावीळ काय, पथ्य केलं की उतरते, असं वाटलं. ताहिरा मागच्या आठवड्यात फोनवर बरी आहे म्हणाली होती, तीच ताहिरा ते पुढे ओढत राहिले. सगळं खरं होतं, आणि बोलता बोलताच त्यांना कळत होतं की यातलं एकही कारण पुरेसं नाही. साहेबांकडे सुटी मागितलीच नव्हती, हेही त्यांनी सांगून टाकलं. आता लपवण्यात काय होतं.

यूम्नाने समोरची वही मिटली.

"शेवटच्या दिवशी अम्मीने तीनदा विचारलं, निघाले का. मी तिला सांगितलं, त्यांना सोडत नाहीत अम्मी. तिसऱ्यांदा ती म्हणाली, मग त्या बिचाऱ्याला कधी काही बोलू नकोस. नाही बोलले मी, अब्बा. एकोणीस वर्षं."

ताहिराचे शेवटचे शब्द हसनभाई आज पहिल्यांदा ऐकत होते. ते शब्द त्यांच्याविषयीच्या दयेचे निघाले, आणि ती दयाही त्यांनी खोटं बोलून मिळवलेली. त्यांना वाटलं यूम्नाने आता ओरडावं, वह्या फेकाव्यात, काहीही करावं. तिने उठून उरलेली भांडी खोक्यात भरली. खोक्याला सुतळी बांधली. मग दारात उभी राहून तिने एवढंच सांगितलं की खोली तयार आहे, शब्द दिला तो मी मोडणार नाही, हमझा टेम्पो घेऊन चारला येईल.

"पण माझ्या घरात तुम्ही अम्मीचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "कधीच."

हसनभाई बरं म्हणाले.

कळंबोलीच्या घरात त्यांचं सगळं व्यवस्थित आहे. मागच्या खोलीत खाट आहे, पंखा आहे, खिडकीतून लोखंड बाजाराकडे वळणारे ट्रेलर दिसतात. औषधाची गोळी वेळेवर बशीत येते. जेवताना यूम्ना मीठ बरोबर आहे का विचारते, ते आहे म्हणतात. हमझा भला माणूस आहे, रोज संध्याकाळी दहा मिनिटं डिझेलच्या भावावर बोलतो. नात नऊ वर्षांची आहे; ती आजोबांना शाळेतलं सगळं सांगते आणि उत्तराची वाट न पाहता निघून जाते. पंधरा तारीख आली आणि गेली, हसनभाई बाजारात गेले नाहीत. दिलेला शब्द ते पाळत होते. कधी कधी ताहिराचं नाव अगदी ओठांपर्यंत यायचं, मग ते पाणी प्यायचे.

गेल्या शुक्रवारी दुपारी नातीची शाळा लवकर सुटली. हसनभाई आपल्या खोलीत पडले होते. पलीकडच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नातीचा, की हा फोटो कुणाचा. मग यूम्ना बोलू लागली, हळू, पण भिंत पातळ होती. ही तुझी नानी. ती ना, चालताना एका हाताने नेहमी ओढणीचं टोक धरायची. पालीला इतकी घाबरायची की एकदा रात्रभर ओट्यावर बसून राहिली होती. आणि अब्बांना मस्कतला पार्सल पाठवायची तर स्वतः बसने करंज्याला जायची, कुणाच्या हातून आणलेलं तिला चालायचं नाही. तिथून सुके बोंबील आणायची, तीन दिवस पुन्हा उन्हात घालायची, पांढऱ्या कापडात शिवायची आणि वर पत्ता लिहायची. इंग्रजी येत नव्हतं तिला. अक्षरं बघून बघून काढायची, चित्रासारखी.

हसनभाई उठून बसले होते. बोंबील नव्हे. सोडे असत ते, सुकवलेली कोलंबी. एकूणएक पार्सलात सोडे होते, बोंबील तिने एकदाही पाठवले नव्हते, कारण बोंबलाच्या वासाने कस्टमवाले पार्सल फोडतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हे सांगू शकणारा जगात आता एकच माणूस होता. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

मग ते मिटलं. खुर्ची आवाज न करता उचलली, भिंतीला लावून ठेवली आणि उजवा कान तिकडे करून बसले. पलीकडे यूम्ना नातीला सांगत होती की ते बोंबील अब्बांना फार आवडायचे.